उघड्या काउंटरवरची टच-स्क्रीन: झुकाव किती अंशांचा ठेवायचा आणि बिजागरी कुठे बसवायची?

फोंड्याचा लेथवाला

पणजीत मांडवीच्या काठावरच्या एका तिकीट-बूथसाठी टच-स्क्रीनचे सहा स्टँड करायचे आहेत. बोटीच्या सहलीची वेळ आणि माणसांची संख्या गिऱ्हाईक स्वतः निवडणार, पैसे खिडकीत भरणार. स्क्रीनचा कोन हाताने बदलता यावा, अशी बूथवाल्यांची अट आहे.

स्क्रीन २१.५ इंची, ओपन फ्रेम (बाहेरची शोभेची चौकट नसलेली). दिसणारा भाग ४७६ × २६८ मिमी. पुढची काच आणि मागची पत्र्याची पेटी धरून वजन ४.२ किलो. मागे १०० × १०० मिमीवर व्हेसाची (स्क्रीन बसवण्याच्या प्रमाणित मापाची) चार छिद्रे आहेत, एम-४ म्हणजे ४ मिमी बोल्टची. स्क्रीनचा मध्य जमिनीपासून ११०० मिमीवर येतो. बूथचे तोंड उत्तरेला, नदीकडे. वळचणीची कड जमिनीपासून २४०० मिमी उंच आणि स्क्रीनच्या १२०० मिमी पुढे आहे. काउंटरवर ग्रॅनाइटची लादी आहे.

सध्याचा आराखडा असा: खालच्या कडेला दोन घर्षण-बिजागऱ्या (सोडू त्या कोनात अडून राहणाऱ्या), प्रत्येकी २ न्यूटन-मीटर पिळाच्या, म्हणजे फिरवणाऱ्या जोराच्या. स्क्रीन सरळ उभी ते ४५ अंश मागे, इतकी हलणार. पॅनल आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग टिकवणारा एलसीडीचा प्रकार), बघण्याचा कोन ‘१७८ अंश’ लिहिलेले, उजेड २५० निट (निट हे स्क्रीनचा उजेड मोजण्याचे एकक).

बिजागऱ्या पुरतील का? आणि पॅनल १७८ अंशांचे असेल तर झुकवण्याची खटपट मुळात हवी कशाला? जाता जाता आणखी एक. बूथच्या आत कारकुनासमोर उरलेल्या जागा दाखवणारा २० × ४ अक्षरांचा साधा एलसीडी उभा बसवला आहे. कारकून उभा राहिला की त्याला आकड्यांऐवजी काळे चौकोन दिसतात. त्याचे काय करावे?

कोनमापक

बिजागरीचे मागाहून बघू. ४५ अंश हा आकडाच चुकीच्या जागेवरून आलाय.

स्क्रीन डोळ्यांच्या समोर काटकोनात यावी म्हणून ती मागे कलवायची, असा आपला समज असतो. बंद खोलीत तो चालून जातो. उघड्यावर कोन ठरवायचा तो स्क्रीनमध्ये प्रतिबिंब कशाचे पडणार, यावरून. स्क्रीन १ अंश कलवली की प्रतिबिंब २ अंश सरकते. हिशेब सोपा आहे:

प्रतिबिंबाची दिशा = (झुकाव × २) − डोळ्याचा कोन

सरळ उभी स्क्रीन म्हणजे झुकाव शून्य. मागे कलली तर अधिक, पुढे कलली तर उणे. डोळ्याचा कोन म्हणजे स्क्रीनच्या मध्यापासून डोळा क्षितिजाच्या किती वर आहे तो. उत्तर अधिक आले तर आकाश, शून्याच्या आसपास आले तर नदीपलीकडचा काठ, उणे आले तर जमीन.

तुमचे आकडे घालू. उभ्या माणसाचा डोळा १५०० मिमीवर, अंतर ५५० मिमी. डोळ्याचा कोन ३६ अंश. तुमची वळचण स्क्रीनच्या मध्यापासून साधारण ४७ अंशांवर सुरू होते, म्हणजे शून्य ते ४७ अंश हा सगळा पट्टा उघड्या आकाशाचा. झुकाव १८ ते ४१ अंशांच्या दरम्यान कुठेही ठेवा, स्क्रीनमध्ये आकाशच दिसेल. तुमच्या आराखड्यातली निम्मी फिरत नेमकी त्याच पट्ट्यात आहे. झुकाव १० ठेवला तर २० − ३६ = उणे १६, म्हणजे नजर परावर्तित होऊन जमिनीकडे जाते.

उंच माणूस घ्या, डोळा १६५० मिमीवर. कोन ४५ अंश, आणि १० च्या झुकावावर उणे २५. बुटका घ्या, डोळा १३५० वर. कोन २४, उणे ४. तिघांचेही भागते.

चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा डोळा ११५० च्या आसपास येतो, कोन जेमतेम ५ अंश. त्याच १० अंशांच्या झुकावावर त्याला अधिक १५, म्हणजे आकाश. त्याच्यासाठी स्क्रीन शून्यावर किंवा किंचित पुढे कललेली हवी. लहान मुलाचा डोळा १००० वर, स्क्रीनच्या मध्याच्याही खाली. त्याला उणे १० लागेल. तेव्हा फिरत ० ते ४५ नको, उणे १० ते अधिक १५ हवी. एकूण २५ अंश.

निटनेटका

१७८ या आकड्यावर विसंबू नका. त्या कोनावरून पाहिले तरी काळ्या-पांढऱ्यातला फरक १० : १ च्या खाली जात नाही, एवढेच तो सांगतो. समोरून हाच फरक १००० : १ असतो. उजेड किती उरतो, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. आयपीएसवर रंग उलटत नाहीत हे खरे, पण ४५ अंशांवरून पाहिले तर उजेड समोरच्याच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. जास्त निटच्या पॅनलमध्ये ही घसरण आणखी तीव्र असू शकते, कारण बॅकलाइटपुढच्या प्रिझमच्या फिल्म उजेड गोळा करून समोर फेकतात. विकत घेताना कोनानुसार उजेडाचा आलेख मागा, उभ्या दिशेचा वेगळा. आडव्या दिशेचा चांगला असतो म्हणून तोच दाखवतात.

झुकाव १० आणि डोळा ३६ वर, म्हणजे माणूस काटकोनापासून २६ अंशांवरून बघतो. आयपीएसला यात काही जड नाही. टीएन (एलसीडीचा स्वस्तातला प्रकार) पॅनल असते तर इथेच गोची झाली असती. त्यात एका बाजूने पाहिले की करडे रंग उलटे होतात. ही बाजू माहितीपत्रकात घड्याळाच्या काट्यांनी दिलेली असते, ६ वाजता म्हणजे खालची, १२ म्हणजे वरची. चांगली दिसणारी बाजू आणि रंग उलटणारी बाजू या दोन वेगळ्या ओळी असतात, वाचताना गल्लत होते. कधी टीएनच गळ्यात पडले आणि वाईट बाजू गिऱ्हाइकाकडे आली, तर पॅनल उलटे बसवून सेटिंगमधून चित्र १८० अंश फिरवायचे. टचचे दोन्ही अक्षही फिरवायला विसरू नका, नाहीतर वर दाबल्यावर खालचे बटण लागते.

आता २५० निट. पांढुरक्या ढगाळ आकाशाचा उजेड ५ ते १० हजार निट असतो. तुमच्या ओपन फ्रेमवर वरची काच आणि पॅनल यांच्यात हवेची फट असणार. म्हणजे परावर्तन करणारे पृष्ठभाग तीन: काचेचे पुढचे अंग, मागचे अंग, पॅनलचे तोंड. प्रत्येकाचे ४ टक्के धरा, बेरीज १२. ६००० निटच्या आकाशाचे १२ टक्के म्हणजे ७२० निट, तुमच्या चित्राच्या जवळपास तिप्पट. काच पॅनलला पारदर्शक डिंकाने चिकटवून घेतली, ज्याला ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात, तर पुढचे एकच अंग उरते आणि २४० वर येता. त्यावर परावर्तनरोधक लेप असेल तर ६० च्या आसपास. म्हणून आधी बाँडिंगवर पैसे घाला, मग निट वाढवा. या जागेला ७०० ते १००० निटचे पॅनल घ्या. खरखरीत मॅट फिल्म परावर्तन कमी करत नाही, फक्त पसरवते. उघड्यावर सगळी स्क्रीन दुधाळ होते.

बाँडिंगचा आणखी एक फायदा टचला होतो. ३ मिमी काच आणि ३ मिमी फट असेल तर २६ अंशांवरून पाहताना बटण दिसते तिथून बोट साधारण अडीच मिमी वर पडते. बाँडिंग परवडत नसेल तर बटणे २० मिमीपेक्षा उंच करा आणि दाबण्याचे क्षेत्र २-३ मिमी वर सरकवा.

वळचण

कोनमापकांचे गणित बरोबर, पण ‘जमीन म्हणजे अंधार’ हे गृहीतक गोव्यात चालणार नाही. भर दुपारी जमिनीवर एक लाख लक्सच्या (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) आसपास ऊन असते. फिकट काँक्रीट त्यातले ३० टक्के परत फेकते, म्हणजे नऊ-साडेनऊ हजार निट. आकाशापेक्षा काही कमी नाही. उणे १६ अंशांची नजर ११०० मिमी उंचीवरून ३.८ मीटरवर जमिनीला टेकते. वळचणीची सावली तिथवर पोचेल का?

तोंड उत्तरेला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पणजी साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून ५१ अंशांवर असतो, तेव्हा बूथची लांब सावली पुढ्यात पडते. पण मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला सरकतो. जून ते ऑगस्ट ढगांवर निभावेल, मे महिना मात्र पुरता उघडा, आणि सुट्टीची गर्दीही तेव्हाच.

उपाय स्वस्त आहे. रांगेचा कठडा स्क्रीनपासून अडीच मीटरवर घ्या, जमिनीपासून ११०० मिमी उंच, आणि त्याला बूथकडच्या अंगाने गडद हिरव्या किंवा काळपट मॅट रंगाच्या फळ्या ठोका. स्क्रीनच्या मध्यापासून हा कठडा शून्य ते उणे २४ अंश एवढा पट्टा झाकतो. वरच्या हिशेबातले जवळजवळ सगळे त्यात येतात. प्रतिबिंब कशाचे पडावे हे आपण ठरवायचे, नशिबावर सोडायचे नाही. फळ्यांना चकचकीत ऑइल पेंट मारू नका, नाहीतर त्याच आरसा होतील.

दुसरी गोष्ट, गिऱ्हाइकाचे स्वतःचे शरीर. स्क्रीनच्या मधोमध प्रतिबिंब पडते ते त्याच्या शर्टाचे. कडेचे मात्र तसे नाही. मध्यापासून २३८ मिमीवरची कड पाहताना नजर २३ अंश तिरकी जाते आणि परावर्तित होऊन शरीराच्या बाजूने बाहेर निसटते. म्हणून उघड्यावरच्या स्क्रीनवर नेहमी मधला भाग वाचता येतो आणि दोन्ही कडा धुऊन निघालेल्या असतात. ‘पुढे’ आणि ‘रद्द’ ही बटणे कोपऱ्यांत टाकायची सवय इथे सोडा. महत्त्वाचे सगळे मधल्या दोन-तृतीयांशात घ्या, काळी अक्षरे फिकट पार्श्वभूमीवर. गडद पार्श्वभूमी दिसायला झकास, पण प्रतिबिंब तिच्यातच सर्वांत ठसठशीत उमटते.

बाजूचे ऊन राहिले. उन्हाळ्यात सूर्य पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेकडून उगवतो-मावळतो. जूनच्या आसपास तो मावळताना उत्तरेपासून ६६ अंश पश्चिमेकडे असतो. सूर्य २० अंशांच्या खाली आला की तिरके ऊन वळचणीखालून आत शिरते, म्हणजे मावळतीआधीचा दीडेक तास. ४७६ मिमी रुंदीसाठी पश्चिमेच्या बाजूला २०० मिमी खोल उभी पट्टी दिली की ते अडते. बूथ सकाळी लवकर उघडत असेल तर पूर्वेलाही द्या.

हत्यारघर

आता बिजागऱ्या. आहे त्या आराखड्यात त्या पुरणार नाहीत. ४.२ किलो म्हणजे ४१ न्यूटन. खालच्या कडेपासून गुरुत्वमध्य १५० मिमी वर. ४५ अंशांना बिजागरीवर ४.४ न्यूटन-मीटर येतात, तुमच्याकडे दोन्ही मिळून ४. म्हणजे ४० च्या पुढे स्क्रीन स्वतःच्या वजनानेच आडवी होईल. बोटाचा दाब यात धरलेलाच नाही. १० अंशांवर वजनाचे १.०७ येतात. वरच्या कडेला ३०० मिमीवर १० न्यूटनने दाबले की त्यात ३ ची भर. ४ ओलांडले. थोडक्यात, प्रत्येक गिऱ्हाइकागणिक स्क्रीन थोडी थोडी मागे सरकत जाणार. घर्षण-बिजागरीचा पीळ वापराने कमी होतो, ते वेगळेच.

मोठ्या बिजागऱ्या घालून हे सुटत नाही. कोणी ३० न्यूटनने ठोसे मारल्यासारखे दाबले तरी सरकू नये इतके घर्षण ठेवले, तर हाताने कोन बदलायला जवळजवळ तेवढाच जोर लावावा लागतो. धरून ठेवणे आणि हलू देणे ही दोन कामे एकाच घर्षणाकडून करून घेऊ नका.

आस स्क्रीनच्या दोन बाजूंना घ्या आणि गुरुत्वमध्यातून न्या. यू आकाराचा कंस, त्याच्या दोन हातांत स्क्रीन टांगलेली. मग वजनाचा पीळ शून्य. प्रत्यक्षात आस गुरुत्वमध्याच्या ३ ते ५ मिमी वर ठेवा, म्हणजे पिन ओढल्यावर स्क्रीन धाडकन कुठे न जाता सरळ उभी राहू बघते. ५ मिमीचा पीळ होतो ०.२ न्यूटन-मीटर, नगण्य.

गुरुत्वमध्य कॅटलॉगमधून घेऊ नका. मागची पेटी, कार्ड, केबल सगळे बसवून स्क्रीन वरच्या कडेच्या एका बिंदूला दोरीने टांगा, शेजारी ओळंबा सोडा, बाजूच्या पत्र्यावर रेघ मारा. मग मागच्या अंगाच्या बिंदूला टांगून दुसरी रेघ. दोन्ही छेदतात तो बिंदू. तरी आसेच्या छिद्राला ±५ मिमीचा खाचा ठेवाच.

धरून ठेवायला कंसाच्या एका हातावर चापाची (कमानीच्या आकाराची) पट्टी, ५ मिमी जाडीची. आसेपासून १२० मिमी त्रिज्येवर दर ५ अंशांना ६ मिमीचे छिद्र. उणे १० ते अधिक १५, म्हणजे सहा छिद्रे. दोन छिद्रांच्या मध्यांतले अंतर १०.५ मिमी, म्हणजे मधे साडेचार मिमी धातू उरतो, पुरे. त्रिज्या १०० च्या खाली नेलीत तर हा धातू पातळ होतो. स्क्रीनच्या बाजूला स्प्रिंगची पिन, ओढून सोडली की आपोआप आत जाणारी. ओढून-फिरवून बाहेर अडकणारी घेऊ नका, कोणीतरी ती तशीच ठेवून जाईल. ३० न्यूटनचा ठोसा १५० मिमीवर बसला तरी पिनवर ३७-३८ न्यूटनच येतात.

पिन आणि छिद्रात ०.१ मिमी फट राहणारच आणि टच केल्यावर स्क्रीन टकटक वाजेल. ती मारायला आसेवर थोडे घर्षण द्या, दोन्ही बाजू मिळून दीड न्यूटन-मीटर. एम-८ चा बोल्ट, दोन डेलरिनचे (कडक, गुळगुळीत प्लास्टिकचे) वॉशर, वर बशीसारखे दोन स्प्रिंग वॉशर, मग नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला). नटाला लागून असलेला वॉशर फिरता कामा नये. साधा गोल वॉशर लावला तर स्क्रीन मागेपुढे करताना तो नटाला बरोबर घेऊन फिरतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत नट ढिला. बोल्टच्या आट्यांची एक बाजू घासून सपाट करा, वॉशरचे छिद्र त्याच इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे कापून घ्या. लेझर कटिंगवाल्याला हे दोन मिनिटांचे काम आहे.

कंस आणि स्क्रीनच्या कडेतली फट ४ मिमीपेक्षा कमी ठेवा किंवा २५ पेक्षा जास्त. मधल्या मापात बोटे चेपतात. व्हेसाचे बोल्ट १० मिमीपेक्षा आत जाता कामा नयेत. लांब बोल्ट पॅनलच्या पाठीत घुसतो.

ग्रॅनाइटला प्रसरण पावणारा अँकर लावू नका, लादी तडकते. आरपार छिद्र, खाली ६ मिमीची पाठपट्टी, मधे रबर. स्क्रीन डगमगते तेव्हा दोष बिजागरीला दिला जातो, पण बहुतेकदा पातळ तळपट्टी लवत असते. ती ८ मिमीची करा.

खाऱ्या वाऱ्यातला

३०४ चे स्टेनलेस नदीच्या तोंडाशी तांबूस डाग धरते. ३१६ घ्या, किंवा साध्या पोलादावर जस्ताचा थर आणि वर पावडर कोटिंग. ३१६ घेऊनही गंज दिसला तर कारण बहुतेकदा वर्कशॉपमधले असते. साध्या लोखंडावर चाललेले ग्राइंडिंगचे चाक स्टेनलेसला लागले की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तेच गंजतात. चाके वेगळी ठेवा, वेल्डिंगच्या जागा पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेईने) साफ करा. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा फिरवू नका, जाम बसतो. अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावा. स्प्रिंगची पिन सगळी स्टेनलेसची आहे का ते विचारून घ्या. बाहेरून चकाकणारी असते, आतली स्प्रिंग साधी निघते.

हत्यारघरांच्या रचनेत एक खोच आहे. डेलरिनचे वॉशर आणि पावडर कोटिंग, दोन्ही विद्युतरोधक. म्हणजे स्क्रीनची पेटी कंसापासून विजेच्या दृष्टीने तुटलेली. तिला वेगळी अर्थिंग द्या, २.५ चौरस मिमीची हिरवी-पिवळी लवचीक वायर, दोन्ही टोकांना रंग खरवडून दातेरी वॉशर. सुरक्षेसाठी तर हवीच. शिवाय अर्थिंग नसले की कपॅसिटिव्ह टच (मोबाइलसारखा, बोटाच्या विद्युत परिणामावर चालणारा) स्वतःहून क्लिक करत सुटतो आणि लोक सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतात.

पागोळ्यांचे थेंब काचेवर आले तरी हेच होते. कंट्रोलरमध्ये पाण्याची सेटिंग असेल तर चालू करून घ्या. इन्फ्रारेड चौकटीचा टच इथे नको. तिरके ऊन आणि पावसाळ्यातले किडे, दोन्हींनी तो वेडावतो.

केबल आसेच्या जितकी जवळ तितकी बरी. आसेच्या दोन्ही बाजूंना पकड द्या, मधे १२० मिमी मोकळी लांबी. एचडीएमआयचे टोक काटकोनी घ्या, नाहीतर दर वेळी ओढ सॉकेटच्या डाखावर येते. पेटी पूर्ण बंद करू नका. १००० निटचे पॅनल ४० वॉटच्या आसपास उष्णता टाकते. खाली आणि वर झडपा, आतून बारीक स्टीलची जाळी. रात्री उजेड २०० निटवर उतरवायला प्रकाश-सेन्सर लावा.

पोलराइज्ड गॉगल लावलेल्या पर्यटकाला काही पॅनल एका दिशेत काळीठिक्कर दिसतात. खरेदीआधी तसा गॉगल घालून आडवी आणि उभी, दोन्ही बघा.

फोंड्याचा लेथवाला

बाजूची आस आणि पिन पटली. एक शंका आहे. पिन ओढून कोन बदलायचा हे गिऱ्हाइकाला कळणार कसे? खुर्चीतला माणूस पिनेपर्यंत पोचेल का?

कोनमापक

नाही पोचणार, आणि कळणारही नाही. माझा सल्ला बूथवाल्यांना कदाचित आवडणार नाही. झुकावाने उंचीचे काम करून घेऊ नका. सहापैकी चार स्क्रीन ११०० वर ठेवा, १० अंशांवर पिन घालून. त्यांचा कोन कर्मचाऱ्यांनीच गरज पडली तर बदलावा. दोन स्क्रीन ९०० मिमीच्या मध्यावर उतरवा. खुर्चीतल्या माणसाचा कोन तिथे ५ वरून २४ वर जातो, मुलाचा उणे १० वरून अधिक १०. झुकाव शून्य ठेवलात तर दोघांनाही उणे उत्तर येते. चौकटीसह खालची कड साधारण ७४० वर येईल, म्हणजे गुडघे जायला ७०० मिमी मोकळे राहतात. काउंटरची लादी त्या दोन जागी कापावी लागेल, खर्च तिथे आहे.

हत्यारघर

सहमत. तरी सहाही कंस एकसारखेच करा. कापायचे प्रोग्रॅम एक, सुटे भाग एक.

निटनेटका

२० × ४ च्या एलसीडीचे राहून गेले. तिसरी पिन काँट्रास्टची. १० किलोओहमचा प्रीसेट (पेचकसाने फिरवून बदलायचा रोध) लावा, एक टोक ५ व्होल्टला, दुसरे ग्राउंडला, मधला पाय तिसऱ्या पिनला. नेहमीच्या मॉड्यूलवर तिथे शून्य ते १ व्होल्टच्या दरम्यान काहीतरी लागते. काळे चौकोन दिसतात म्हणजे काचेवर व्होल्टेज जास्त पडते आहे. तिसऱ्या पिनवरचे व्होल्टेज थोडे वाढवा, चौकोन विरतात. हे फिरवणे म्हणजे खरे तर बघण्याचा कोन वर-खाली सरकवणेच आहे, म्हणून कारकून जिथे उभा राहतो तिथूनच फिरवा, टेबलावर वाकून नव्हे. आणि दुपारी फिरवा. तापमान वाढले की तेच व्होल्टेज जास्त काळे दिसते.

एवढ्याने भागले नाही तर मॉड्यूल ६ वाजताचे असणार, म्हणजे खालून चांगले दिसणारे. ते उभे लावून वरून बघणे म्हणजे नेमकी वाईट बाजू. टीएफटीसारखे (मोठ्या रंगीत पॅनलसारखे) उलटे बसवता येत नाही, कारण अक्षरे मॉड्यूलच्या आतच ठरलेली असतात आणि आपल्या मनाची फक्त आठच भरता येतात. खालची कड पुढे ओढून ३०-४० अंश मागे कलवा, किंवा १२ वाजताचे मागवा. बूथच्या आत आकाशाची भानगड नाही, तिथे खुशाल कलवा.

फोंड्याचा लेथवाला

देव बरें करूं. कंसाचे रेखाचित्र उद्या कटिंगला पाठवतो.

वळचण

उद्या नको. आधी ४७६ × २६८ मिमीचा काळा, चकचकीत अॅक्रिलिकचा तुकडा प्लायला चिकटवून बूथवर न्या. पुढच्या अंगाने तो काचेइतकेच, ४ टक्क्यांच्या आसपास, परावर्तन करतो आणि आत चित्र नसल्यामुळे प्रतिबिंब स्वच्छ कळते. ११०० आणि ९०० वर धरून सकाळी ९, दुपारी १ आणि संध्याकाळी साडेपाचला प्रत्येक ५ अंशांवर बघा, मोबाइलवर फोटो काढा. कठड्याच्या जागी तात्पुरती काळी ताडपत्री बांधा. छिद्रे सहाच्या ऐवजी आठ करावी लागणार असतील तर ते तिथेच कळेल, पट्टी कापल्यावर नव्हे.